उंबरठ्यापासूनचे अंतर

उज्जैनहून मुंबई किती दूर? नकाशावर सरळ रेघ ओढली, तर अंतर सुमारे ५५० किलोमीटर भरते. लोहमार्ग नागदा, रतलाम, बडोदे असा वळसा घेतो. तो ७५० च्या घरात जातो आणि रात्र गाडीत जाते.

विमान सव्वा तासाचे. परंतु ते इंदूरहून निघते. माधवनगरातील गृहस्थास आधी सुमारे ५५ किलोमीटरवरील तो विमानतळ गाठावा लागतो. रस्त्याचा दीड तास, तपासणी व प्रतीक्षेचा दीड तास, मुंबईत उतरल्यावर आणखी तासभर. बेरीज पाच तासांवर जाते. आजारी आप्ताकडे तातडीने निघालेल्यास हा हिशेब मोलाचा. सायंकाळी निरोप आला, तर सकाळच्या विमानापेक्षा रात्रीची गाडीही कधी आधी पोहोचवते.

प्राचीन ज्योतिषी उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून देशांतर मोजीत. एका अंशास चार मिनिटे या प्रमाणाने मुंबईचा मध्याह्न येथल्यानंतर सुमारे १२ मिनिटांनी होतो. अंतराचा काळ करताना आरंभबिंदू आधी ठरवावा, हा त्यांचा दंडक. प्रवाशानेही तो पाळावा. त्याचा आरंभबिंदू धावपट्टी नव्हे, स्वतःचा उंबरठा होय.