गोळी वेगळी, औषध तेच

होस्टेलमध्ये ताप आला की सीन ठरलेला. रूममेटकडची डोलो ६५०, वर मेडिकलवाल्यानं दिलेली सर्दीची गोळी. दोन वेगळी औषधं वाटतात ना? स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, अनेकदा ५०० मिलिग्रॅम. आता हिशेब करा: दिवसात चार डोलो म्हणजे २६००, सर्दीच्या तीन म्हणजे १५००. झाले ४१००. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००. रोज दारू चालू असेल किंवा धड जेवण नसेल, तर आणखी कमी. आणि लिव्हर पहिल्या दिवशी बोंब मारत नाही. फार तर मळमळतं, आपण खापर मेसवर फोडतो! डोस जास्त झालाय वाटलं, तर त्रासाची वाट बघू नका. स्ट्रिप्स घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.