तळ्यातली हिरवी गर्दी ओळखताना

तळं हिरवं दिसलं की आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. पण त्या हिरव्यात तळ्याला जगवणाऱ्या वनस्पती असतात, तशा त्याचा श्वास कोंडणाऱ्याही.

आधी जलपर्णी ओळखू या. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती तरंगते ती पानाच्या फुगीर देठामुळे. देठ कापून पाहा, आत स्पंजासारख्या हवेच्या पोकळ्या दिसतील. फूल जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या दाट थराखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.

कमळ आणि कुमुद यांत गल्लत होते. कमळाचं पान अखंड गोल, बरेचदा पाण्यावर उचललेलं असतं. कुमुदाचं तरंगतं आणि देठापाशी चिरलेलं.

भंडारा-गोंदियाच्या तलावांत काठावर पोकळ खोडाचं, फिकट गुलाबी-जांभळ्या कर्ण्यांसारख्या फुलांचं झुडूप दिसेल. तीच बेशरम, बाहेरून आलेली. तिथलाच शिंगाडा मात्र पोट भरणारा. त्याची दातेरी, चौकटच्या आकाराची पानं पाण्यावर चक्रासारखी पसरतात.

बुडालेला हायड्रिला दिसला तर तो सरसकट उपटू नका; त्यात माशांची पिल्लं लपतात. जलपर्णी काढायची ती फुलं येण्याआधी, कारण तिचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं.