न्यू ऑर्लिन्स घडवणारी हैतीची माणसं



अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वस्त्यांत एक अरुंद, लांबलचक घर दिसतं. रस्त्याकडे जेमतेम एका खोलीची रुंदी, मग एकामागून एक खोल्या, मधे बोळ नाही. पुढचं-मागचं दार उघडलं की वारा थेट आरपार! या घराचं मूळ काही अभ्यासकांनी हैतीत शोधलं आहे.

हैतीची माणसं इथे आली कशी? १८०४ साली हैती फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. त्या धामधुमीत हजारो लोक क्यूबात गेले. पण फ्रान्सच्या नेपोलियनने स्पेनवर स्वारी केली आणि क्यूबातल्या स्पॅनिश सरकारने त्यांना फ्रेंच मानून हाकललं. १८०९ च्या सुमारास त्यांतले ९,००० हून अधिक जण न्यू ऑर्लिन्सला उतरले; शहराची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. त्यांत गोरे होते, स्वतंत्र कृष्णवर्णीय होते, आणि गुलाम म्हणून आणलेली माणसंही होती, हे विसरून चालणार नाही.

हैतीशी नातं असलेल्या न्यू ऑर्लिन्सकरांपैकी रोदॉल्फ देद्यून यांचं नाव मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांचे वडील हैतीचे. रेल्वेत काळ्या प्रवाशांसाठी वेगळे डबे ठेवणाऱ्या कायद्याविरुद्ध १८९१ मध्ये नागरिक समिती उभी राहिली, त्यात ते पुढे होते. फेब्रुवारी १८९२ मध्ये त्यांचा मुलगा डॅनियल गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला, त्याने स्वतःहून अटक ओढवून घेतली. जूनमध्ये समितीच्याच वतीने होमर प्लेसी तसेच गोऱ्यांच्या डब्यात बसले. प्लेसींचा खटला समिती १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. पण १९५४ साली त्याच न्यायालयाने शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली.