सात किलोंचा संसार

स्वस्तातल्या विमानात माणशी सात किलोंचं सामान फुकट नेता येतं. त्याच्या वर गेलं की पैसे मोजा. आमचा प्रवास चार आठवड्यांचा होता आणि पैसे मोजायचे नव्हते, त्यामुळं दोघांचा संसार सात-सात किलोंच्या दोन सॅकमध्ये बसवणं आलं. बायकोनं स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. माझ्या सॅकमधून तीन कवितासंग्रह बाहेर आले आणि त्या जागी शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी गेली. पुढं चार आठवड्यांत त्या चटणीनं जी सेवा केली, ती तीन कवितासंग्रहांनी नक्कीच केली नसती.

ही फेब्रुवारी-मार्च २०२४ ची गोष्ट. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला होता. बातमी बायकोनं वाचली आणि कात्री लावून ठेवली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं अठ्ठावीस वर्षं काढली. त्या वर्षांत मी कविसंमेलनांच्या निमित्तानं चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंत फिरलो, आणि ती घर, शाळा, सासूबाईंचं दुखणं यांच्यात फिरली. आमचे थोरले बंधू म्हणाले, ‘‘हजला जायच्या वयात हे कसलं गाठोडं पाठीवर?’’ ती म्हणाली, ‘‘हजला चालावं लागतं, भाईजान. गुडघे चालतायत का, बघून येते.’’ यावर आमच्या घराण्यात कुणाकडं उत्तर नव्हतं.

पहिला मुक्काम पेनांग बेटावरचं जॉर्जटाऊन. तिथल्या एका रस्त्याला कपितान कलिंग मशिदीचं नाव आहे. ही मशीद १८०१ साली तिथं गेलेल्या भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी उभी केली. त्याच रस्त्यानं चालत गेलं की मारिअम्मनचं देऊळ, चिनी लोकांच्या करुणेच्या देवीचं मंदिर आणि इंग्रजांचं सेंट जॉर्ज चर्च, सगळं पाचदहा मिनिटांच्या अंतरात. बायकोनं हिशेब मांडला, ‘‘आपल्या गावात एवढ्या अंतरात चार पोलीस चौक्या लागल्या असत्या.’’ मला वाटतं, ती थोडं वाढवून बोलली. थोडंच.

मलाक्कात मात्र मला एकदम गोवा भेटला. अफोन्सो द अल्बुकर्कनं १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी तो मलाक्कावर चालून गेला. त्याच्या किल्ल्याचा आता एक दरवाजा तेवढा उरलाय. वर टेकडीवर छप्पर नसलेलं सेंट पॉलचं चर्च आहे. आत जमिनीत जाळीनं झाकलेली एक रिकामी कबर आहे. फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्यावर वारले; त्यांचा देह १५५३ साली काही महिने इथं ठेवला होता आणि मग तो गोव्याला नेला. जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये ज्यांच्या दर्शनाला आपली कोकणातली, बेळगावची माणसं जातात, त्यांची ही रिकामी जागा. भरलेली कबर आपल्या शेजारी आणि रिकामी इतक्या दूर. मी बराच वेळ तिथं उभा होतो. बायको खाली नारळपाणीवाल्याशी भाव करत होती.

आता भाषेबद्दल. मलय आणि इंडोनेशियन या जवळजवळच्या बहिणी. त्या बोलल्या की आपल्याला काही कळत नाही, आणि मधूनच एखादा शब्द घरचा निघतो. भाषेला ‘बहासा’, नवऱ्याला ‘सुआमी’, बायकोला ‘इस्त्री’. संस्कृतातली चिंता तिथं ‘चिंता’च राहिली, पण तिचा अर्थ झाला प्रेम. यावर एक कविता होण्यासारखी आहे. बायको म्हणाली, करू नका, सगळ्यांना आधीच माहीत आहे.

पण माझ्या मनाला जे लागलं ते वेगळंच. तिथला मुसलमान रोज्याला ‘पुआसा’ म्हणतो. म्हणजे आपला उपवास. जन्नतला ‘सुर्गा’, जहन्नुमला ‘नराका’, गुनाहला ‘दोसा’, पुण्याला ‘पहाला’, म्हणजे फळ. आणि धर्माला ‘आगामा’. रमजानच्या शुभेच्छांचे फलक जागोजाग लागले होते, त्यात ‘सलामत’ आणि ‘इबादाह’ हे अरबी शब्द आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून ‘पुआसा’. मी आयुष्यभर मराठीत लिहीत आलो. एका बाजूनं ‘तुम्ही मराठी किती छान लिहिता हो’ हे कौतुक ऐकलं, जसं काही मी ती कुठून उसनी आणलीय. दुसऱ्या बाजूनं ‘उर्दूत का लिहीत नाही?’ हा सवाल. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला, हे सांगून मी थकलो होतो. आता कोट्यवधी माणसं उपवास म्हणून रोजा धरतात, हे सांगायला एक नवं गाव मिळालं.

जावा बेटावर योग्यकर्ता शहरात सुलतानाच्या वाड्याजवळ १७७३ सालची मोठी मशीद आहे. घुमट नाही, एकावर एक चढलेलं तीन टप्प्यांचं उतरतं छप्पर आणि आत सागवानी खांब. आपल्याकडचा माणूस लांबून सभामंडपच समजेल. दुपारच्या नमाजाला मी आत गेलो, बायको सवयीनं बाहेर ओसरीवर दोन्ही सॅक सांभाळत बसली. आपल्याकडं ती असंच करते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी आत आणि ती बाहेर चपलांजवळ. परत आलो तर सॅक होत्या, ती नव्हती. सॅकजवळ एक शाळकरी मुलगी राखण करत बसलेली. थोड्या वेळानं बायको आतून आली. एका म्हाताऱ्या बाईनं तिचा हात धरला, मशिदीतल्या कपाटातून पांढरा झगा काढून तिच्या अंगावर घातला आणि बायकांच्या रांगेत आपल्या शेजारी उभं केलं. त्या झग्याला तिथं ‘मुकेना’ म्हणतात. बाईमाणसासाठी मशिदीत तो ठेवलेलाच असतो. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बायको त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फारसं बोलली नाही. रात्री प्रंबानानच्या नवव्या शतकातल्या देवळांपुढं रामायणाचं नृत्य पाहिलं. नाचणारे बहुतेक मुसलमान. सीता अग्नीत शिरते तिथं ती एवढंच म्हणाली, ‘‘एकतीस वर्षं, हो.’’

योग्यकर्ताहून ‘श्री तंजुंग’ नावाच्या गाडीनं जावाच्या पूर्व टोकाला, बन्यूवांगीला गेलो. सुमारे तेरा तास, ताठ पाठीचे बाक, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघे. बन्यू म्हणजे पाणी आणि वांगी म्हणजे सुगंधी, त्यामुळं ‘वांगी’ ऐकून लागलेली भूक वाया गेली. श्री तंजुंग ही तिथल्या दंतकथेतली बायको. नवऱ्यानं खोट्या संशयानं तिला मारलं आणि तिच्या खरेपणाची खूण म्हणून नदीचं पाणी सुगंधी झालं. समोरच्या कॉलेजकुमारानं ही गोष्ट मोडक्या इंग्रजीत सांगितली. बायकोनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की संशय मीच घेतला होता.

बाली. फोटोतलं बाली दक्षिणेला. आम्ही उत्तरेला सिंगराजा गावात एका हिंदू कुटुंबाच्या घरी खोली घेतली होती. तिथं ११ मार्चला ‘न्येपी’ आला, म्हणजे बालीचा नववर्षदिन. शक कुठला? १९४६. आपल्या पंचांगातही ९ एप्रिलच्या गुढीपाडव्याला १९४६ च लागणार होता. त्यांचं वर्ष महिनाभर आधी उजाडलं इतकंच. आदल्या संध्याकाळी कागदा-बांबूची अक्राळविक्राळ भुतं नाचवत मिरवणुका निघाल्या. आणि मग सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळच्या सहापर्यंत सारं बेट बंद. आग नाही, दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद. रस्त्यावर फक्त ‘पेचालांग’, म्हणजे गावचे पारंपरिक पहारेकरी.

गंमत अशी, की सरकारनं १२ मार्चला पहिला रोजा जाहीर केला होता. म्हणजे तरावीहची पहिली नमाज ११ च्या रात्री, त्या अंधाराच्या आणि मौनाच्या मध्यात. सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांनी बसून आधीच ठरवून टाकलं होतं : नमाज व्हावी, जवळच्या मशिदीत, पायी जाऊन, भोंगा न लावता, दिवे कमीत कमी. आमचे घरमालक आदल्या दिवशी स्वतः पहारेकऱ्याला सांगून आले, की माझ्याकडची दोन पाहुणी माणसं उद्या रात्री जातील.

दिवेलागणीला दिवे लागले नाहीत. अंगणातून पश्चिमेला नखाएवढी कोर बायकोला आधी दिसली. रात्री चौकडीच्या लुंगीतला पहारेकरी दाराशी आला आणि आमच्या पुढं चालू लागला. चार मिनिटांची वाट. कुत्र्यांनीसुद्धा भुंकायचं नाही असं ठरवलेलं असावं. आत एकच मिणमिणता दिवा होता. इमामांचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला लोकांना श्वाससुद्धा हळू घ्यावा लागत होता. आठ रकात की वीस, हा वाद तिथंही आहे; त्या रात्री कुणी काढला नाही. पडद्यापलीकडं बायकांच्या ओळीत माझी बायको होती. परतताना पहारेकरी पुन्हा आला. तासभर तो बाहेर बसून होता, त्याच्या नववर्षाच्या दिवशी.

पुढं बोटीनं लोंबोकला गेलो. समुद्र सुंदर होता, रोजा असल्यामुळं मासे फक्त संध्याकाळी खाल्ले. चटणी तिथंच संपली.

परत आल्यावर उरलेला रमजान गावात. त्या महिन्यात बायको दोनदा मशिदीच्या गल्लीपर्यंत जाऊन आली. पुण्यातून गेलेल्या एका याचिकेवर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलंय, की बाईला मशिदीत नमाज पढायला मनाई नाही. तिनं ते कात्रणही जपून ठेवलं होतं, व्हिसाच्या कात्रणाच्याच पाकिटात. ईद झाल्यावर तिनं विश्वस्त मंडळाला अर्ज केला, की माडीवरची खोली रिकामीच असते, ती बायकांसाठी उघडावी. वुजूसाठी वेगळा नळ आणि जिन्याला कठडा करावा. खर्चाला पहिले पाच हजार मी देते. अर्ज मराठीत आहे. शुद्धलेखन तपासायला तिनं तो माझ्याकडं दिला होता, एकही चूक निघाली नाही. खाली अकरा बायकांच्या सह्या आहेत. त्यात थोरल्या वहिनींचीही आहे, आणि भाईजान विश्वस्त आहेत. बैठक दोनदा पुढं गेलीय.