छातीतील कळ : शस्त्र की औषध?



पेडणे महालातील साठी उलटलेले एखादे गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. बागायतीचा चढ चढताना त्यांची छाती दाटून येते आणि कळ डाव्या हातात उतरते. दोन मिनिटे थांबले की ती ओसरते. महिनोन्‌महिने हाच क्रम चालू आहे. वात भरला असेल, असे समजून ओव्याचे पाणी पिऊन झाले. पुढे म्हापसा झाले, बांबोळी झाली आणि तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे आढळले. मुलगा म्हणतो, "उद्याच बायपास करून घेऊ." पत्नी म्हणते, "छातीला शस्त्र लावू देणार नाही." दोघांच्याही बोलण्यात माया आहे, परंतु एकाचा निर्णय घाईचा, तर दुसऱ्याचा भयाचा आहे. डिचोलीतही घरोघरी हाच वाद ऐकू येतो. म्हणून आज त्याचा शांतपणे विचार करू.

ठरावीक श्रमाने येणारी आणि विश्रांतीने शमणारी कळ म्हणजे स्थिर हृदयशूल. हृदयाच्या स्नायूला श्रमाच्या वेळी अधिक रक्त हवे असते; अरुंद झालेली वाहिनी ते पुरवू शकत नाही, म्हणून स्नायू तक्रार करतो. औषधे दोन प्रकारे साहाय्य करतात. काही हृदयाची गती व रक्तदाब उतरवून त्याची मागणी कमी करतात. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन ही औषधे गुठळी व मेद यांना आवर घालून पुढचा झटका टाळण्यास हातभार लावतात. बायपासमध्ये अडथळा काढीत नाहीत. पायाची शीर किंवा छातीच्या आतील बाजूची रक्तवाहिनी जोडून त्याला वळसा देतात. हा मार्ग १९६७ साली अमेरिकेत डॉ. रेने फावालोरो यांनी रूढ केला.

मग श्रेष्ठ कोणते? १९७२ ते १९८४ या काळात झालेल्या सात चाचण्यांतील २६४९ रुग्णांचा एकत्रित हिशेब १९९४ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत औषधांवर ठेवलेल्यांपैकी शेकडा सुमारे १६, तर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा सुमारे १० दगावले. लाभ मुख्यतः ज्यांची डावी मुख्य वाहिनी किंवा तिन्ही वाहिन्या रोगग्रस्त होत्या, त्यांना झाला. मात्र त्या काळी स्टॅटिन नव्हते आणि ॲस्पिरिनचाही वापर थोडा होता.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५१७९ रुग्ण होते. डावी मुख्य वाहिनी अरुंद असलेल्यांना तीत घेतले नव्हते. काहींना प्रथमपासून स्टेंट वा बायपास सुचविला, तर इतरांना आधी उत्तम औषधे दिली. सुमारे तीन वर्षांनी मृत्यूंची संख्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच निघाली. ज्यांना वारंवार कळ येत होती, त्यांना मात्र पहिल्या मार्गाने अधिक आराम पडला.

याचा अर्थ असा : डावी मुख्य वाहिनी अरुंद असेल, तिन्ही वाहिन्या बऱ्याच रोगग्रस्त असतील, त्यांच्या जोडीला मधुमेह असेल किंवा हृदयाची शक्ती क्षीण झाली असेल, तर केवळ भयापोटी शस्त्रक्रिया टाळू नये. तिचा धोकाही जाणून घ्यावा. तो वय व इतर व्याधींप्रमाणे बदलतो. उलट, हृदय सशक्त असेल, अडथळे मर्यादित असतील आणि औषधांनी कळ आटोक्यात असेल, तर उद्याच छाती उघडण्याची निकड नसते. औषधे घेऊनही अंगणापलीकडे जाववत नसेल, तर आराम मिळावा म्हणून शस्त्रक्रिया करणे हेही उचितच आहे.

म्हणून वैद्यांना केवळ "अडथळे किती टक्के?" असे विचारून थांबू नका. कोणती वाहिनी, हृदयाची शक्ती किती, शस्त्रक्रियेने माझे आयुष्य वाढेल की कळ कमी होईल, हे विचारा. खर्चाच्या चिंतेने तोंड फिरवण्यापूर्वी २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करा.

आणखी दोन गोष्टी. बायपास झाला म्हणून औषधे सुटत नाहीत. तंबाखू मात्र सुटलीच पाहिजे. जोडलेली शीरही काळाने बुजू शकते. दुसरे असे की, विसाव्यातही कळ येऊ लागली, वरचेवर येऊ लागली किंवा थांबूनही शमेना, तर तो हृदयशूल स्थिर राहिला नाही. अशा वेळी ना ओवा, ना घरचा वाद. तत्काळ १०८ वर दूरध्वनी करावा.

शस्त्र आणि औषध हे परस्परांचे वैरी नव्हेत. कोणाला केव्हा बोलवायचे, एवढाच विवेक आपण राखावयाचा आहे.