गाडीचा क्लच अडला म्हणजे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे माझ्यामागून येणार आहेत. आम्हाला बोलायचे आहे ते तुम्हाला इथवर घेऊन आलेल्या गाडीबद्दल. मारुतीची व्हॅन 1984 साली आली, पुढे तिला ओम्नी म्हणू लागले, 2019 साली ती निघायची थांबली. पण गावोगावी जुन्या ओम्नी अजून धावतात. बियाण्याच्या पिशव्या तिच्यात, अडलेली बाळंतीण तिच्यात, बैठकीला जाणारी माणसेही तिच्यातच.

आमची गाडी मृगापासून दसऱ्यापर्यंत गळक्या पत्र्याखाली उभी होती. दसऱ्याला काढायला गेलो तर इंजिन एका झटक्यात सुरू झाले, पण गियर पडेना. दांडा पुढे रेटला की नुसती खरखर. तालुक्याच्या मिस्त्रीने पेडल एकदा दाबून पाहिले आणि सांगितले, 'प्लेट गेली. गियरबॉक्स उतरवा, सगळा सेट टाका.' आकडा ऐकला आणि घरात पडलेल्या पहिल्या वेचणीच्या कापसाचा हिशेब मनात सुरू झाला.

प्लेट गेली म्हणजे काय, हे आम्ही विचारलेच नाही. विचारायला हवे होते. इंजिनाचे जड चाक आणि प्रेशर प्लेट यांच्या चिमट्यात क्लच प्लेट धरलेली असते. पेडल दाबले की चिमटा सुटतो आणि इंजिन फिरत असताना गियर पडतो. प्लेट झिजली तर चिमट्याची पकड ढिली होते. इंजिन ओरडते आणि गाडी चढ चढत नाही, जळका वास येतो. आमच्या गाडीचे दुखणे नेमके उलटे होते. पकड सुटतच नव्हती. झिजलेली प्लेट सुटत नाही असे सहसा होत नाही. म्हणजे रोग एक आणि औषध भलतेच.

तेव्हा आम्ही शोध पेडलापासून सुरू केला. इंजिन बंद करून गियर टाकून पाहिले, सगळे गियर लोण्यासारखे पडले. म्हणजे गियरबॉक्स शाबूत. मग गाडी न्यूट्रलला ठेवली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. एकजण पेडलावर बसला, दुसरा बॅटरी घेऊन खाली निजला. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, हे बायकापोरांनाही सांगून ठेवा.) ओम्नीचा क्लच केबलीचा आहे. केबल गियरबॉक्सच्या बाजूला एका दांडीला जोडलेली असते आणि ती ताणायला तिथेच नट असतो. पेडल खाली गेले आणि दांडी हललीच नाही किंवा अर्धीच हलली, तर दोष केबलीत: तारा तुटल्या, वेष्टणात गंज धरला किंवा केबल सैल पडली. पेडल खालीच चिकटून बसले, वर आले नाही, तरी आधी केबलच पाहावी. हे काम गियरबॉक्स न उतरवता होते.

आमची दांडी मात्र पूर्ण हलत होती. आम्ही तरीही एक चूक केली. वाटले, अजून थोडे ओढून पाहू, म्हणून नट आवळत गेलो. पेडलाला सुरुवातीची जी थोडी ढिलाई असते ती संपली. तशीच गाडी चालवली असती तर बेअरिंग सतत घासले असते, प्लेट सरकून जळाली असती आणि मिस्त्रीचे म्हणणे आपोआप खरे झाले असते. नट परत सैल केला.

दांडी पूर्ण हलते, तरी पकड सुटत नाही, आणि गाडी चार महिने ओलीत उभी होती. बेअरिंग किंवा प्रेशर प्लेटची बोटे मोडली असतील अशी शंका होती; पण उभ्या गाडीची ती सहसा मोडत नाहीत. प्लेट गंजून जड चाकाला चिकटली असणार, असे ठरवले. गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या पडितात ढकलून नेली. पुढे माणूस नाही, जनावर नाही, याची खात्री केली. इंजिन चांगले तापू दिले आणि बंद केले. पहिला गियर टाकून पेडल तळापर्यंत दाबून धरले आणि चावी फिरवली. गाडी हिसका मारून चालू लागली. पेडल तसेच दाबून ठेवून अॅक्सिलरेटर दाबायचा-सोडायचा, आणि थांबायचे तर चावी बंद करायची. तिसऱ्या फेरीला 'टक्' झाले, गाडी चालेना आणि इंजिन मोकळे फिरू लागले. प्लेट सुटली.

चार-सहा वेळा करूनही सुटली नसती, तर गियरबॉक्स उतरवावाच लागला असता. तेव्हा मिस्त्रीशी भांडण नाही.

ट्रॅक्टर बराच काळ उभा ठेवताना क्लचचे पेडल दाबून लाकडाने अडकवून ठेवतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. व्हॅनलाही तेच करा, नाहीतर पंधरवड्यातून एकदा सुरू करून पेडल मारा. आणि गियरबॉक्स उतरवलाच, तर काढलेली जुनी प्लेट मागून घ्या. तिची जाडी हातात धरून पाहा, मगच पैसे मोजा.