पासबुक कुणाकडे?

(बचतगटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी एकजण म्हणाली, "पोस्टात पैसे बुडत नाहीत." खरं आहे. बँक बुडाली तर ठेव विम्यातून फार तर पाच लाख मिळतात. पोस्टातल्या ठेवीमागे केंद्र सरकार उभं असतं. १८८२ पासूनची ही बचत बँक. आपल्या आयांनी डब्यातले पैसे तिथे नेले ते या भरवशावर.

पण आमच्या वस्तीतल्या एका मावशींचं ऐका. धुणीभांडी करून दरमहा पाचशेची आरडी भरायच्या. भरायच्या म्हणजे एजंट ताईंच्या हातात द्यायच्या. पासबुक आणि कार्डही ताईंकडेच. का? तर घरी ठेवलं की नवऱ्याच्या हाती लागतं! मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा कळलं, सात महिन्यांचे हप्ते पोस्टात पोचलेच नाहीत. आधीचे पैसे शाबूत होते. पण लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, दोन महिन्यांत ते चालू करून घ्यावं लागतं. तीही मुदत गेलेली. मी बरोबर गेले. खिडकीवर उत्तर मिळालं, "एजंट तुमच्या, त्याला आम्ही काय करणार?"

या ताई काही परक्या नव्हेत. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ ची, तिच्यातल्या एजंट बायकाच. पगार नाही, कमिशनवर काम. घरात आजारपण आलं, हातातले पैसे खर्च झाले. वस्तीतल्या बायका दारात जाऊन बसल्या तेव्हा त्यांनी थोडे थोडे करून फेडले. मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण मावशींनी पोस्टाची खिडकी कधी पाहिलीच नव्हती, याचा जास्त आला. खिडकी उघडी असते त्या वेळी त्या दुसऱ्यांची भांडी घासत असतात. त्यांचा विश्वास ताईंवर होता, पोस्टावर नव्हता.

आता गटाच्या बैठकीत प्रत्येकीने कार्ड आणायचं. पैसे दिले की तिथल्या तिथे त्यावर नोंद आणि एजंटची सही. दर तीन महिन्यांनी दोघीजणी सगळ्यांची पासबुकं घेऊन पोस्टात जातात, नोंदी ताडून बघतात. नवऱ्याची भीती असेल तिचं पासबुक गटाच्या पेटीत, किल्ली दोघींकडे.

मावशींनी नवीन खातं काढलं. खिडकीवर स्वतः उभ्या राहिल्या, अंगठा दिला. बाहेर येऊन पासबुक माझ्यापुढे धरलं नि म्हणाल्या, "किती लिहिलंय ते वाच. मोठ्यानं वाच."